दुसऱ्या साक्षीदाराची सही

"वहिनी, थांब की जरा. दम लागलाय मला."

वहिनी थांबली, पण मागं वळली नाही. कड्याला हात टेकून तशीच उभी राहिली. डोक्यावर घेतलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावरून पाणी निथळत होतं. एका अंगाला काळाभोर ओला खडक होता, दुसऱ्या अंगाला दरी. दरीतून यमुनेचा नुसता आवाज यायचा. धुक्यात ती दिसत नव्हती.

"घोडं करू या का?" मी विचारलं.

"तू कर. मी चालतच येते."

"अगं पण पायाला फोड आलेत तुझ्या."

"असू देत," ती म्हणाली आणि चालायला लागली.

तेव्हा गाडी हनुमानचट्टीपर्यंतच जायची. आदल्या दिवशी तिथून चालत आम्ही जानकीचट्टीला मुक्काम केला होता. आता यमुनोत्रीची शेवटची चढण राहिली होती. पावसाळा सरला की जा, असं आम्हाला सांगितलं होतं, म्हणून आम्ही भाद्रपदाच्या शेवटी निघालो. पण पाऊस काही सरला नव्हता.

ही शहाण्णव सालची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते, इंदूवहिनी चौतीसची. आम्ही कासार, कराडला आमचं बांगड्यांचं दुकान. वडील लवकर गेले. दुकान मधूदादा बघायचा. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी "मिरजेला जाऊन येतो" म्हणून तो घराबाहेर पडला तो परत आलाच नाही. पोलिसांत वर्दी दिली, पेपरात फोटो छापला, चार ज्योतिषी झाले. शेवटी वहिनी दुकानात बसायला लागली. गावातल्या निम्म्या बायकांच्या हातात तिनं बांगड्या भरल्या असतील. तिच्या स्वतःच्या हातातला हिरवा चुडा मात्र आई कधी उतरू द्यायची नाही. पितृपंधरवड्यात तर घरात कुणी कुणाशी धड बोलायचं नाही, कारण दादाचं पान वाढायचं की नाही हा प्रश्न कुणाला तोंडातून काढायचा नसायचा.

मग त्या जूनमध्ये शेजारचे जगन्नाथकाका चारधाम करून आले. चपला काढायच्या आधी ते आमच्या दारात उभे राहिले. आईला म्हणाले, "वैनी, मधू जिवंत आहे. यमुनोत्रीला गरम पाण्याच्या कुंडापाशी काम करतो. मी हाक मारली तर आत निघून गेला. पण मधूच. शपथेवर सांगतो."

आईनं देवापाशी साखर ठेवली आणि रडायला बसली. तिचे गुडघे कामातून गेले होते. वहिनीचा हात धरून ती म्हणाली, "इंदे, तू जा. तू हाक मारलीस तर येईल तो. शकूला सोबतीला ने."

वहिनी "बरं, आत्याबाई" एवढंच म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आनंदानं माणसाचं असंही होत असेल.

दुपारी आम्ही वर पोचलो. डोंगराच्या पोटाला चिकटलेलं लहानसं देऊळ, आजूबाजूला पत्र्याची छपरं, आणि सगळ्यावर गरम पाण्याची वाफ. यात्रेकरू जेमतेम पंधरा-वीस होते. कुंडाच्या कठड्यापाशी लोक तांदूळ आणि बटाटे फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात सोडत होते. तो तिथला प्रसाद. एक दाढीवाला माणूस डोक्याला मफलर गुंडाळून काठीनं ती गाठोडी बाहेर ओढत होता. एका गाठोड्याची गाठ सुटेना, तेव्हा त्यानं ती दातात धरली आणि मान तिरकी करून ओढली.

बांगड्यांच्या पेंडक्याची गाठ आमचा दादा अशीच सोडायचा.

"दादा!" मी ओरडलेच.

त्यानं वर बघितलं. क्षणभर त्याच्या हातातली काठी तशीच राहिली. मग तो सावकाश म्हणाला, "बहनजी, आप किसी और को समझ रही हैं. मैं यहाँ का सेवादार हूँ."

"दादा, मी शकू. ही बघ, वहिनी आलीय!"

त्यानं वहिनीकडं बघितलं नाही. फडकं पिळलं, भात पानावर काढला आणि शेजारच्या राजस्थानी म्हातारीच्या हातात ठेवला. "मैं मराठी नहीं जानता, बहनजी," तो म्हणाला. माझा नुसता संताप झाला. मी त्याचा हात धरायला पुढं झाले, तर वहिनीनंच मला मागं ओढलं.

"चल शकू. आधी दर्शन घेऊ."

"वहिनी, तू ओळखलं नाहीस का?"

"ओळखलं," ती म्हणाली. "चल."

दर्शन घेऊन संध्याकाळच्या आत खाली उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी परत वर यायचं, असं मी मनाशी ठरवत होते. तेवढ्यात खालून दोन घोडेवाले पळत आले. देवळाच्या खाली मैलभरावर कडा कोसळला होता आणि वाटेचा एक तुकडाच दरीत गेला होता. पंडितजींनी सगळ्यांना देवळापुढं गोळा केलं. साठीचे, बुटके, शांत बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, कुणी खाली जायचं नाही. पाऊस थांबला की मजूर वाट करतील. दोन दिवस लागतील, चारही लागतील. तोवर धर्मशाळेत राहा, दोन वेळची खिचडी मिळेल.

आणि ती खिचडी आम्हाला कोण वाढणार, ते मला कळलं.

धर्मशाळेत आम्हाला एक खोली मिळाली. खोली कसली, फळ्यांचं खोकं. दोन सतरंज्या, दोन ओलसर रजया आणि हातभर खिडकी. खिडकीतून समोरचा कडा दिसायचा, इतका जवळ की आकाश बघायला खाली वाकावं लागे. पत्र्यावर पाऊस वाजत राहायचा. खाली नदी, वर डोंगर, मागं गेलेली वाट. चालायला म्हणून जागा होती ती खोलीपासून देवळापर्यंत, दोनशे पावलं. ती मी दिवसातून वीस वेळा मोजली असतील.

सकाळ-संध्याकाळ तो बादली घेऊन यायचा. आम्ही रांगेत बसलेलो असायचो. तो वाढत वाढत आमच्यापर्यंत यायचा. "और दूँ?" तो विचारायचा. वहिनी खाली बघून "बस" म्हणायची. नवरा-बायको नऊ वर्षांनी समोरासमोर आले होते आणि त्यांच्यात एवढंच बोलणं होत होतं. मला वाटायचं, ती बादली घेऊन त्याच्या डोक्यात घालावी.

"तू बोलत का नाहीस त्याच्याशी?" मी वहिनीला खोलीत विचारलं.

"बोलीन."

"कधी? वाट झाली की तो कुठंतरी लपून बसेल."

"कुठं लपेल? तोपण इथंच अडकलाय," ती म्हणाली. एरवी ती त्याला 'हे' म्हणायची. 'तो' म्हणालेली मी पहिल्यांदा ऐकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला गाठलंच. धर्मशाळेच्या मागं गरम पाण्याची एक धार पडायची, तिथं तो पातेली घासत होता. मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि एक पातेलं ओढून घासायला लागले. तिसरं पातेलं झाल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "आई आहे?"

मराठीत. आवाज खरखरीत झालेला, पण दादाचाच. माझ्या हातातलं पातेलं निसटलं.

"आहे. गुडघे गेलेत. तुझी वाट बघतीय रोज."

"आणि दुकान?"

"वहिनी चालवतीय. तुझ्यापेक्षा बरं चालवतीय."

तो थोडं हसला. मग तोंड फिरवून मनगटानं डोळे पुसले.

"दादा, का गेलास रे? निदान एक पत्र टाकायचंस."

बराच वेळ तो राखेनं पातेल्याचा तळ घासत राहिला. "नंदूला ताप आला होता, आठवतंय?" तो म्हणाला.

नंदू म्हणजे त्यांचा मुलगा. दोन वर्षांचा होऊन गेला. मेंदूत ताप चढला, असं डॉक्टर म्हणाले होते.

"इंदू म्हणत होती, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ. मी म्हणालो, पावसात कुठं नेतेस, सकाळी नेऊ. सकाळी नेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, चार तास आधी आणला असता तर." तो थांबला. "तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, शकू. रोज ताट वाढायची. मला तिच्या तोंडाकडं बघवेना. त्या दिवशी खरंच मिरजेला निघालो होतो. स्टेशनात दिल्लीची गाडी उभी होती."

पण मला माझंही काही बोलायचं होतं, आणि तिथं अडकून पडल्यापासून ते आतल्या आत उकळत होतं.

"दादा, माझं लग्न ठरलंय. मार्गशीर्षात. पुण्याचा मुलगा आहे, चांगला आहे. त्यांच्या घरी दोन खोल्या आहेत. आईला तिकडं नेता येणार नाही. तू घरी चल. तू आलास की सगळं मार्गी लागेल. आईचं, वहिनीचं, माझंही."

"वहिनी आहे की आईपाशी."

"वहिनी नऊ वर्षं आहे! तिनं किती दिवस राहायचं?"

हे मी वहिनीसाठी बोलले असं मला तेव्हा वाटलं होतं.

दादा उठला. "तिला काय हवंय ते मला कळत नाही," तो म्हणाला. "ती मला एक हाक मारील तर मी येईन."

तिसऱ्या दिवशी सकाळी खिचडी वाढून झाल्यावर तो आमच्या खोलीच्या दारात आला. आत आला नाही, उंबऱ्यावरच बसला. मफलर काढून हातात घेतला होता. केस पिकले होते. अडतीस वर्षांचा माणूस पन्नाशीचा दिसत होता.

"इंदू," तो म्हणाला, "मी येतो परत. वाट झाली की तुमच्याबरोबर निघतो. पंडितजींना तसं सांगितलंय."

मी उडी मारून उठले. त्याच्या गळ्यातच पडणार होते. पण वहिनी जागची हलली नाही. रजईची घडी घालत होती, ती पूर्ण केली, भिंतीला लावून ठेवली, आणि मग त्याच्यासमोर येऊन बसली.

"तुम्ही यायचं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी तुम्हाला न्यायला आलेले नाही."

"वहिनी, काय बोलतेस तू?" मी म्हणाले.

"तू गप्प बस जरा, शकू." पिशवीच्या तळातून तिनं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक लखोटा काढला. त्यात टाईप केलेले दोन कागद होते. "हे वाचा. तुम्ही आपल्या मर्जीनं घर सोडलं, परत नांदायची इच्छा नाही, आणि मी घटस्फोट मागितला तर तुमची हरकत नाही. वकिलांनी करून दिलंय. खाली तुमची सही. आणि दोन साक्षीदारांच्या."

पावसाचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. दादानं कागद हातात घेतला, पण तो वाचत नव्हता.

"दुसरं लग्न करतीयस?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग कशाला हे? मी येतो म्हणतोय की."

"सात वर्षं माणसाचा पत्ता नसला की कोर्ट तो मेला असं धरतं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज एका पट्टीत होता, खूपदा मनात बोलून झाल्यासारखा. "मी दोन वर्षं धीर गोळा केला, मग वकिलांकडे गेले. अर्ज तयार झाला होता. सहीला जायच्या आदल्या दिवशी जगन्नाथकाका आले. तुम्ही जिवंत आहात म्हणाले. सगळ्यांनी साखर वाटली. मी परसात जाऊन रडले. देवा, मला पाप लाग, पण मी रडले."

दादा ऐकत होता.

"नंदूसाठी तुम्ही स्वतःला शिक्षा करून घेतली असेल," ती पुढं म्हणाली. "मी तुम्हाला दोष दिला नाही. अजूनही देत नाही. पण मला तरी कुठं तुमच्या तोंडाकडं बघवत होतं? तरी मी राहिले. तुम्ही गेलात, आणि तिथं राहायचं काम माझ्या एकटीवर पडलं. आता परत तुम्हाला ताट वाढायला मला जमणार नाही."

दादानं खिसा चाचपला. खिशात पेन नव्हतं, तर पंडितजींकडून आणतो म्हणून गेला आणि त्यांनाच घेऊन आला. पंडितजींनी वहिनीला हिंदीतून दोनदा विचारलं, "बेटी, सोच लिया?" तिनं मान हलवली. दादानं सही केली. पंडितजींनी साक्षीदार म्हणून नाव-गाव लिहून सही केली. मग वहिनीनं पेन माझ्यापुढं धरलं.

"मी नाही करणार," मी म्हणाले.

आणि तशीच उठून बाहेर पडले. कुठं जाणार? वाट नव्हती. दोनशे पावलं जाऊन देवळापाशी पोचले, पुन्हा मागं फिरले, शेवटी नदीकाठच्या एका दगडावर भिजत बसले. यमुना तिथं लहान असते, ओढ्याएवढी, पण तिचा जोर असा की बोललेलं ऐकू येत नाही. मी मोठ्यानं रडले तरी कुणाला कळलं नसतं.

थोड्या वेळानं वहिनी आली. प्लॅस्टिकचा कागद दोघींच्या डोक्यावर धरून शेजारी बसली.

"आईला काय सांगायचं?" मी ओरडूनच विचारलं. "मुलगाही आणला नाही, आणि सूनही चालली?"

"खरं तेच."

"ती मरेल गं."

"नाही मरणार. त्या माझ्यापेक्षा घट्ट आहेत." मग माझ्या कानाशी तोंड आणून ती म्हणाली, "शकू, सही नको असेल तर नको करू. पण आत्याबाईंसाठी नको असं म्हणू नकोस. तुझ्यासाठी म्हण."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, म्हणून मला खोटं बोलता आलं नाही.

"माझ्यासाठी," मी म्हणाले. "तू गेलीस तर माझं लग्न होत नाही. आईपाशी मीच उरते."

"मला ठाऊक आहे. जूनपासून रोज तेच मनात येतंय."

"मग का करतीयस? दुसरं लग्न करायचं नाही, तर घरात राहून काय बिघडतंय?"

तेव्हा तिनं मला रेवतीचं सांगितलं. कोल्हापूरच्या अनाथाश्रमात वहिनी दर संक्रांतीला मुलींना बांगड्या भरायला जायची, हे मला माहीत होतं. तिथं दोन वर्षांपूर्वी तीन वर्षांची एक पोर हात पुढं करायलाच तयार नव्हती. रडून गोंधळ घातला. शेवटी वहिनीनं तिला मांडीवर घेऊन तिचा पंजा हळूहळू दाबत बांगडी चढवली, तशी ती मांडीवरच झोपली. पुढच्या महिन्यात वहिनी माल आणायच्या निमित्तानं परत गेली. मग दर महिन्याला.

"ती मला 'काकणवाली आई' म्हणते," वहिनी म्हणाली. "तिला घ्यायचं मी ठरवलंय. पण नवरा असलेल्या बाईला एकटीला मूल दत्तक देत नाहीत. विधवा चालते, सोडचिठ्ठी झालेली चालते. मी दोन्हीत बसत नाही. आश्रमाच्या बाईंनी सांगितलंय, उन्हाळ्यापर्यंत काही झालं नाही तर तिला दुसऱ्या संस्थेत पाठवतील. लांब. आत्याबाई तिला घरात घेणार नाहीत, मला माहीत आहे. कोल्हापुरात मैत्रिणीच्या दुकानात जागा बघितलीय मी."

"आणि मी?"

तिनं प्लॅस्टिकचा कागद माझ्या बाजूला जरा सरकवला. मग म्हणाली, "तुझं बरोबर आहे, शकू. माझंही बरोबर आहे. कसं करायचं मला नाही कळत. मला फक्त एवढं कळतं की या खेपेला मी सकाळपर्यंत थांबणार नाही."

आम्ही भिजत बसून राहिलो. मी सही केली नाही. तिनं पुन्हा विचारलंही नाही.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. नऊच्या सुमाराला निरोप आला, मजुरांनी पायरीपुरती वाट खोदलीय, एकेकानं जायचं. सगळ्यांची धांदल उडाली. मी पिशवी घेऊन बाहेर आले तर दादा कुंडाच्या कठड्यावर बसला होता. ओल्या फडक्यांच्या घड्या घालत होता आणि गुणगुणत होता. आरतीची चाल होती बहुतेक. त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. चार दिवसांत मी त्याला असं बघितलं नव्हतं. मला बघून तो म्हणाला, "चल, तुमचं सामान मी घेतो," आणि दोन्ही पिशव्या सहज खांद्यावर टाकल्या.

उतरताना तो पुढं होता. कुठली वनस्पती कशाला चालते, बर्फ पडला की इथं सगळं कसं बंद होतं, थंडीत खालच्या गावात कसा राहतो, ते सांगत होता. मराठी बोलायला मिळाल्यामुळं त्याची जीभ थांबत नव्हती. मी मागून त्याची पाठ बघत चालले होते. परत यायचंय म्हणाला होता, ते खरंच म्हणाला असेल. पण नको म्हटल्यावर तो इतका मोकळा झाला होता. त्याची एक सही झाली आणि तो सुटला. मागं उरलं ते माझं आणि वहिनीचं होतं, ते आम्ही दोघींनी आपसांत वाटून घ्यायचं होतं. आई कुणी सांभाळायची, घर कुणी धरायचं, याचा विचार त्याच्या डोक्याला शिवतही नव्हता. त्याला कुणी तो करायला लावलाच नव्हता.

दरड कोसळली होती तिथं रांग लागली होती. दरीच्या कडेनं हातभर रुंद वाट, त्यावर दोर बांधलेला, आणि मधे मधे मजूर उभे. एक एक माणूस दोर धरून पलीकडे जात होता. आमच्यापुढं सात-आठ जण होते.

"वहिनी, कागद काढ," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली.

"काढ लवकर. नंबर येईल आपला."

तिनं लखोटा काढला. पंडितजींचं पेन तिच्याकडंच राहिलं होतं. मी दादाला म्हणाले, "वाक." पिशव्या पलीकडं न्यायला एका मजुराच्या हातात देऊन तो वाकला. त्याच्या पाठीवर कागद ठेवून मी सही केली. शकुंतला दत्तात्रय कासार, कराड. त्यानं श्वास घेतला तशी पाठ हलली आणि 'कराड'मधला ड कागदाबाहेर गेला. वहिनीनं कागद परत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला. आभार वगैरे काही मानले नाहीत. दोर धरायला हात मोकळे हवेत म्हणून तिनं लखोटा पोलक्यात खोचला आणि रांगेत पुढं सरकली.

दादा सरळ झाला. आता त्याचा चेहरा उतरला होता. "शकू, आईला काय सांगशील?"

"तू भेटलास, आणि आला नाहीस."

"मी येतो म्हणालो होतो, तेही सांगशील?"

"सांगीन. तू दर महिन्याला तिला पत्र टाक. हिंदीत नको."

त्यानं मान हलवली. मजुरानं हाक मारली. वहिनी पलीकडे पोचली होती. मी दोर धरला. खाली बघू नका, असं सगळे सांगत होते. मी खालीच बघितलं. चढताना जिचा नुसता आवाज ऐकला होता ती नदी उन्हात स्वच्छ दिसत होती.

माझं लग्न मोडलं. पुण्याच्या लोकांनी फाल्गुनापर्यंत वाट बघितली, मग नम्रपणे कळवलं. मुलगा स्वतः येऊन भेटून गेला. तो वाईट नव्हता. त्याला दोन खोल्या होत्या, एवढंच. पुढं मी दुकानात बसायला लागले, आणि बसतेच आहे. बायका हात पुढं करतात, मी बांगड्या भरते. मला बरं जमतं.

कोर्टात मला साक्षीला उभं केलं तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, ही सही तुमची का. मी हो म्हणाले. कुणाच्या दबावाखाली केली का? नाही, म्हणाले. आई तेव्हा माझ्याशी बोलत नव्हती, आणि वहिनीशी तर यमुनोत्रीहून आल्यापासून एक शब्द नाही. एकाच स्वयंपाकघरात दोघी भिंतीशी बोलल्यासारख्या वावरायच्या. दादाची पत्रं मात्र यायची. आई ती उशाखाली ठेवायची. तिला वाचता यायचं नाही आणि मला वाचून दाखव म्हणायची नाही.

वहिनी वैशाखात गेली. दोन ट्रंका आणि एक वळकटी. आईच्या पायावर डोकं ठेवायला ती आत गेली, तर आईनं पाय आखडून घेतले. मी तिला कोल्हापूरच्या गाडीत बसवून दिलं. आश्रमात तिच्याबरोबर जायची माझी छाती झाली नाही.

पंधरा दिवसांनी मी जाऊन आले. लहानशी खोली, दारात दोन जोडी चपला. पोर मला बघून वहिनीच्या पदरामागं लपली. संध्याकाळी घरी आले तेव्हा आई अंथरुणावर बसून होती, दिवा न लावता. मी दिवा लावला, चूल पेटवली, तांदूळ धुवायला घेतले. माझ्याकडं पाठ करून तिनं विचारलं,

"पोरगी भात खाते का भाकरी?"

सात महिन्यांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"भाकरी," मी म्हणाले. "भाताला हात लावत नाही."

आई म्हणाली, "तिथं धड पीठ मिळत नाही. उद्या जोंधळा निवडून ठेवते. दळून दे पाठवून."